स्टार वर्ल्ड: आशियातील एका इंग्रजी मनोरंजन वाहिनीचा इतिहास (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

स्टार प्लस आणि स्टार वर्ल्ड या मुळात एकच वाहिनी होत्या, हे खरे आहे का?

खरे आहे. आज स्टार प्लस म्हटले की हिंदी कौटुंबिक मालिका डोळ्यांसमोर येतात. परंतु १५ डिसेंबर १९९१ रोजी हाँगकाँगहून सुरू झालेली स्टार प्लस ही पूर्णपणे इंग्रजी मनोरंजन वाहिनी होती आणि ती केवळ भारतासाठी नव्हे, तर जवळजवळ संपूर्ण आशियासाठी होती. पुढे भारतात हिंदी कार्यक्रमांनी तिच्यात शिरकाव केला आणि अखेरीस ती वाहिनीच हिंदी झाली. इंग्रजी कार्यक्रमांचा वारसा मात्र स्टार वर्ल्ड या नावाखाली चालत राहिला. त्यामुळे नावाचा माग काढला तर आपण हिंदी स्टार प्लसपाशी पोहोचतो आणि आशयाचा माग काढला तर स्टार वर्ल्डपाशी. या लेखात आशयाचा माग धरला आहे.

ही वाहिनी कोणी सुरू केली?

हाँगकाँगमधील हचिसन व्हॅम्पोआ या उद्योगसमूहाने. समूहाचे प्रमुख ली का-शिंग यांचे धाकटे पुत्र रिचर्ड ली यांच्याकडे या उपक्रमाची सूत्रे होती. त्या वेळी त्यांनी वयाची पंचविशी जेमतेम गाठली होती. 'स्टार' हे नाव 'सॅटेलाइट टेलिव्हिजन एशियन रीजन' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले आणि ते पुरेसे बोलकेही होते, कारण त्यात कोणत्याही देशाचा उल्लेख नव्हता, केवळ प्रदेशाचा होता. ऑगस्ट १९९१ पासून एकेक वाहिनी सुरू होत गेली: खेळांसाठी प्राइम स्पोर्ट्स, संगीतासाठी एमटीव्ही, चिनी भाषेतील एक वाहिनी, बीबीसीची बातम्यांची वाहिनी आणि सर्वसाधारण मनोरंजनासाठी स्टार प्लस.

हे प्रक्षेपण कोणत्या उपग्रहावरून होत असे?

एशियासॅट-१ वरून. या उपग्रहाची कहाणी वाहिनीइतकीच रंजक असल्यामुळे येथे थोडे थांबणे योग्य ठरेल. फेब्रुवारी १९८४ मध्ये 'चॅलेंजर' या अमेरिकी अवकाशयानातून वेस्टार-६ नावाचा एक दळणवळण उपग्रह सोडण्यात आला. पण त्याचे इंजिन नीट न चालल्यामुळे तो ठरलेल्या कक्षेत पोहोचलाच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'डिस्कव्हरी' या दुसऱ्या अवकाशयानाच्या अंतराळवीरांनी तो अक्षरशः हाताने पकडून पृथ्वीवर परत आणला. त्याची डागडुजी झाली, त्याला नवा मालक मिळाला आणि ७ एप्रिल १९९० रोजी चीनमधील शीचांग येथून लाँग मार्च-३ अग्निबाणाने तो पुन्हा अवकाशात गेला, या वेळी एशियासॅट-१ या नावाने. त्याची मालकी असलेल्या एशियासॅट कंपनीत हचिसन व्हॅम्पोआबरोबर ब्रिटनची केबल अँड वायरलेस आणि चीनची सिटिक या कंपन्या भागीदार होत्या.

उपग्रहाचे दोन झोत होते. उत्तरेकडचा झोत चीन, तैवान आणि आसपासच्या भागावर पडत असे, तर दक्षिणेकडचा भारतीय उपखंडापासून पश्चिम आशियापर्यंत पोहोचत असे. एकूण ३८ देश या छत्राखाली येत असल्याचे सांगितले जाई. त्या वेळी सीमा ओलांडून थेट घराघरांत जाणाऱ्या कार्यक्रमांचा असा प्रयोग आशियात कोणी केलेला नव्हता.

एवढ्या भाषा असलेल्या खंडासाठी इंग्रजीच का निवडली?

याची तीन कारणे होती आणि ती एकमेकांत गुंतलेली होती.

पहिले कारण धंद्याचे. वाहिनी पाहण्यासाठी पैसे लागत नव्हते. तिचा खर्च जाहिरातींतून निघणे अपेक्षित होते. आंतरराष्ट्रीय कंपन्यांनी सबंध आशियासाठी एकदाच जाहिरात द्यावी आणि ती प्रत्येक देशातील वरच्या उत्पन्नगटापर्यंत पोहोचावी, हा मूळ हिशोब होता. दिल्ली, मनिला, दुबई आणि तैपेई येथील सुखवस्तू कुटुंबांना जोडणारी समान भाषा कोणती, या प्रश्नाला इंग्रजीखेरीज दुसरे उत्तर नव्हते.

दुसरे कारण परवान्याचे. हाँगकाँगमधील बहुसंख्य लोक कँटोनीज बोलतात. परंतु तेथील सरकारने सुरुवातीला स्टारला कँटोनीज भाषेत प्रक्षेपण करण्यास मज्जाव केला होता. स्थानिक दूरचित्रवाणीच्या बाजारपेठेला धक्का लागू नये, हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे ज्या शहरातून ही वाहिनी चालत होती, त्या शहराची भाषा तिला बोलता येत नव्हती. इंग्रजी आणि मँडरिन हे मार्ग तेवढे मोकळे होते.

तिसरे कारण सर्वांत साधे आहे आणि त्याच्याकडे बहुधा दुर्लक्ष होते: तयार मालाची उपलब्धता. अमेरिकी मालिकांच्या निर्मितीचा खर्च मुख्यतः मायदेशातील प्रक्षेपणावर उभा राहत असे; परदेशांतील विक्री ही वरकमाई असल्याने जुने भाग स्वस्तात मिळत. दिवसाचे चोवीस तास भरून काढायचे असतील, तर पंधरा भाषांत नवे कार्यक्रम बनवण्यापेक्षा इंग्रजी मालिकांच्या फिती विकत घेणे कितीतरी सोपे होते.

सुरुवातीच्या काळात तिच्यावर काय पाहायला मिळत असे?

'सांता बार्बरा' आणि 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' या दैनंदिन मालिका, 'बेवॉच'सारखे कार्यक्रम आणि अमेरिकी गप्पांचे कार्यक्रम ही त्या काळाची ठळक ओळख होती. यांतील बरेचसे आशियात येईपर्यंत मायदेशी जुने झालेले असे. 'सांता बार्बरा' अमेरिकेत १९८४ मध्ये सुरू होऊन १९९३ मध्ये संपली. येथील प्रेक्षक तिच्यात रंगू लागले होते, तेव्हा तिकडे तिचे दिवस भरत आले होते. पण भारतातील प्रेक्षकाला त्याचे सोयरसुतक नव्हते. दूरदर्शनच्या आठवड्याला एक भाग या शिस्तीत वाढलेल्या घरांना, रोज येणारी आणि संपण्याचे नाव न घेणारी मालिका हा प्रकारच नवीन होता. पुढे हिंदी आणि मराठी दैनंदिन मालिकांनी जे तंत्र अंगी बाणवले, त्याची पहिली ओळख अनेकांना या इंग्रजी मालिकांनीच करून दिली, असे म्हणायला हरकत नाही.

भारतात उपग्रह वाहिनीला परवानगी नसताना ती घरोघरी पोहोचली कशी?

केबलचालकांमुळे. १९८० च्या दशकातच महानगरांतील इमारतींमध्ये व्हिडिओ कॅसेटवरचे चित्रपट तारेने घरोघर पुरवण्याचा व्यवसाय रुजला होता. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झाले आणि सीएनएनवर युद्ध 'थेट' पाहता येते हे कळल्यावर उपग्रहाचे संदेश पकडणाऱ्या गच्चीवरच्या मोठ्या तबकडीचे महत्त्व लोकांना पटले. त्यानंतर वर्षभरात स्टारच्या वाहिन्या आल्या. तारा टाकलेल्या होत्या, गिऱ्हाईक तयार होते आणि प्रक्षेपण मोफत होते. कायदा मात्र मागून आला: केबल टेलिव्हिजनचे नियमन करणारा कायदा भारतात १९९५ मध्ये झाला. तोवर या क्षेत्राला परवानगीही नव्हती आणि स्पष्ट बंदीही नव्हती.

आशियात सर्वत्र असे घडले नाही. सिंगापूर आणि मलेशिया येथे खासगी तबकड्यांवर बंदी होती. त्यामुळे ज्या देशांत इंग्रजी समजणारा सुस्थितीतील वर्ग मोठा होता, त्यांतलेच काही देश या इंग्रजी वाहिनीला सुरुवातीला बंद होते, ही या योजनेतील मोठीच विसंगती होती.

संपूर्ण खंडासाठी एकच वाहिनी चालवण्यात कोणती अडचण होती?

भाषेइतकीच घड्याळाची. हाँगकाँगमध्ये रात्रीचे आठ वाजतात तेव्हा भारतात संध्याकाळचे साडेपाच आणि दुबईत दुपारचे चार वाजलेले असतात. एकच प्रक्षेपण सर्वांना जात असल्याने एका शहराचा महत्त्वाचा प्रहर दुसऱ्या शहराच्या कचेरीच्या वेळेत पडत असे. जाहिरातदारांनाही हळूहळू उमगले की संपूर्ण आशियात एकाच नावाने, एकाच किमतीने विकली जाणारी उत्पादने फार थोडी आहेत. साबण आणि चहा विकणाऱ्यांना देश हवा होता, खंड नको होता.

रूपर्ट मर्डॉक यांचा संबंध केव्हा आला आणि चीनचे प्रकरण नेमके काय होते?

जुलै १९९३ मध्ये माध्यमसम्राट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने स्टारमधील ६३.६ टक्के हिस्सा ५२.५ कोटी अमेरिकी डॉलरना विकत घेतला आणि १९९५ मध्ये उरलेला हिस्साही घेतला. यातून ली कुटुंबाने थोड्या अवधीत कमावलेला नफा हा हाँगकाँगच्या व्यापारी वर्तुळात दीर्घकाळ चर्चेचा विषय होता.

सप्टेंबर १९९३ मध्ये लंडनमधील एका भाषणात मर्डॉक यांनी, दळणवळणाचे नवे तंत्रज्ञान हे जगभरच्या एकाधिकारशाही राजवटींना निःसंशय धोका आहे, अशा आशयाचे विधान केले. ज्यांच्या आकाशातून धंदा करायचा होता, त्यांच्याविषयीच हे उद्गार होते. त्याच वर्षी चीनने खासगी तबकड्यांवर कडक निर्बंध आणले. एप्रिल १९९४ मध्ये स्टारने उत्तरेकडच्या झोतावरून बीबीसीची वाहिनी काढून टाकली आणि हा निर्णय बीजिंगची नाराजी दूर करण्यासाठी घेतल्याची टीका जगभर झाली. स्टार प्लसवर याचा थेट परिणाम दिसला नाही. पण सीमांना न जुमानणारे आकाश ही कल्पना किती तकलादू होती, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

मूळ इंग्रजी स्टार प्लस हिंदी का झाली?

कारण भारतातील प्रेक्षकांनी तसा कौल आधीच दिला होता. २ ऑक्टोबर १९९२ रोजी सुभाष चंद्र यांच्या झी टीव्हीने त्याच एशियासॅट उपग्रहावरून हिंदी कार्यक्रम सुरू केले. तांत्रिक दर्जात ते इंग्रजी मालिकांच्या जवळपासही नव्हते, तरी प्रेक्षकसंख्येत त्यांनी पाहता पाहता आघाडी घेतली. स्टारला हे दिसत होते. पण हात बांधलेले होते. मर्डॉक यांनी झीच्या प्रक्षेपण कंपनीत जवळजवळ निम्मी भागीदारी घेतली होती आणि त्या भागीदारीमुळे हिंदीचे मैदान झीकडेच राहिले.

१९९६ मध्ये दूरदर्शनचे माजी महासंचालक रतिकांत बसू स्टारच्या भारतीय कारभाराचे प्रमुख झाले आणि त्या सुमारास स्टार प्लसवर इंग्रजीच्या जोडीने हिंदी कार्यक्रम दिसू लागले. काही वर्षे ही वाहिनी धड इंग्रजी नाही, धड हिंदी नाही, अशा अवस्थेत होती: रात्री अमेरिकी मालिका संपून हिंदी कार्यक्रम लागे आणि दोन्ही प्रकारचे प्रेक्षक अर्ध्यावर उठून जात. १९९९ मध्ये झीबरोबरची भागीदारी संपुष्टात आली आणि वाट मोकळी झाली. ३ जुलै २००० रोजी अमिताभ बच्चन यांनी सूत्रसंचालन केलेला 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाला. त्याच दिवशी 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही मालिकाही सुरू झाली. स्टार प्लसवरची इंग्रजी त्यानंतर परतली नाही.

मग स्टार वर्ल्ड हे नाव केव्हा आले?

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, भारतातील स्टार प्लस वेगळ्या वाटेने जाऊ लागल्यावर, उर्वरित आशियातील इंग्रजी वाहिनीसाठी हे नाव रूढ झाले आणि भारतातील स्टार प्लस पूर्णपणे हिंदी झाल्यावर येथील इंग्रजी कार्यक्रमांचे घरही स्टार वर्ल्डच ठरले. अंकीय (डिजिटल) प्रक्षेपणामुळे एकाच उपग्रहावरून अनेक प्रवाह पाठवणे स्वस्त झाले होते. त्यामुळे घड्याळाची जुनी अडचण सुटली आणि प्रत्येक भागासाठी वेगळे वेळापत्रक आखता येऊ लागले.

भारतात स्टार वर्ल्डची ओळख कोणत्या कार्यक्रमांनी घडवली?

अमेरिकी मालिका हा कणा होताच. 'द सिम्पसन्स', 'हाऊ आय मेट युवर मदर' यांसारख्या मालिकांनी शहरी तरुणवर्गात स्वतःचा प्रेक्षक निर्माण केला. मात्र वाहिनीचा सर्वांत गाजलेला कार्यक्रम आयात केलेला नव्हता. १९ नोव्हेंबर २००४ रोजी दिग्दर्शक करण जोहर यांचा 'कॉफी विथ करण' हा गप्पांचा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या भागात शाहरुख खान आणि काजोल पाहुणे होते. विषय हिंदी चित्रपटसृष्टीचा आणि भाषा इंग्रजी, हे मिश्रण भारतातील इंग्रजी वाहिनीला नेमके मानवले. त्यात बोलली जाणारी भाषा लंडनची वा न्यूयॉर्कची नव्हती, मुंबईच्या दिवाणखान्यातली होती. हा कार्यक्रम सहा पर्वे स्टार वर्ल्डवर राहिला आणि २०२२ मधील सातवे पर्व थेट ओटीटीवर आले.

दुसरे उदाहरण 'मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया'चे. ऑस्ट्रेलियातील हौशी स्वयंपाक्यांची स्पर्धा भारतात इतकी लोकप्रिय होईल, अशी अपेक्षा फारशी कोणी केली नसेल. दररोजचा भाग, स्पर्धेची चुरस आणि परीक्षकांचे सौजन्य या गोष्टींमुळे अमेरिकी मालिकांकडे न फिरकणारी कुटुंबेही ती एकत्र बसून पाहत असत.

२०१३ मध्ये स्टार वर्ल्ड प्रीमियर ही जोडवाहिनी सुरू करण्यात आली. अमेरिकेत प्रक्षेपित झालेला भाग शक्य तितक्या लवकर येथे दाखवणे हा तिचा उद्देश होता. हेच भाग इंटरनेटवरून बेकायदा उतरवून घेणारा प्रेक्षक परत मिळवण्याची ती धडपड होती.

वाहिनीवर वाद झाले का?

झाले. १९९५ मध्ये, स्टार प्लसच्या इंग्रजी काळात, 'निक्की टुनाइट' या गप्पांच्या कार्यक्रमात एका पाहुण्याने महात्मा गांधींविषयी काढलेले अपशब्द जसेच्या तसे प्रक्षेपित झाले. देशभर संताप व्यक्त झाला, संसदेत पडसाद उमटले आणि कार्यक्रम बंद करावा लागला. परदेशातून प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीला जबाबदार धरायचे कसे, हा प्रश्न त्या निमित्ताने पहिल्यांदा ठळकपणे समोर आला.

इंग्रजी मनोरंजनात स्टार वर्ल्डचे प्रतिस्पर्धी कोण होते?

सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी सोनीची एएक्सएन ही वाहिनी. सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू झालेल्या या वाहिनीने साहस आणि थरार हे क्षेत्र निवडले; २००६ मध्ये तिने 'द अमेझिंग रेस एशिया' ही आशियाई स्पर्धकांची आवृत्ती काढली. भारतात जानेवारी २००७ मध्ये, जाहिरातींवर आधारित एका कार्यक्रमाला अश्लील ठरवून, माहिती व प्रसारण मंत्रालयाने तिच्यावर दोन महिन्यांची बंदी घातली आणि वाहिनीने माफी मागितल्यावर ती मुदतीआधीच उठवली. याखेरीज झी इंग्लिश (पुढे झी कॅफे), २०१२ पासून कॉमेडी सेंट्रल आणि २०१५ पासून कलर्स इन्फिनिटी या वाहिन्या त्याच मर्यादित प्रेक्षकवर्गासाठी झगडत राहिल्या.

मालकी किती वेळा बदलली?

नावांची गुंतागुंत बाजूला ठेवली तर २०१९ पर्यंत दोनदा: १९९३ ते १९९५ मध्ये ली कुटुंबाकडून मर्डॉक यांच्याकडे आणि मार्च २०१९ मध्ये मर्डॉक यांच्याकडून डिस्नेकडे. मधल्या काळात २००९ मध्ये न्यूज कॉर्पोरेशनने हाँगकाँगचे केंद्र विभागले. भारताचा कारभार स्वतंत्र झाला आणि उर्वरित आशियातील इंग्रजी वाहिन्या फॉक्सच्या आंतरराष्ट्रीय विभागाकडे गेल्या. एका उपग्रहाखाली एक आशिया ही कल्पना कागदोपत्रीही तेव्हाच संपली.

आग्नेय आशियात ही वाहिनी का बंद झाली?

तेथे २०१७ मध्ये स्टार वर्ल्डचे नामांतर फॉक्स लाइफ असे झाले आणि १ ऑक्टोबर २०२१ रोजी डिस्नेने आग्नेय आशिया व हाँगकाँगमधील १८ वाहिन्या एकाच दिवशी बंद केल्या, त्यांत फॉक्स लाइफही होती. ज्या मालिका पूर्वी या वाहिन्यांना विकल्या जात, त्या आता डिस्नेला स्वतःच्या ओटीटी सेवेसाठी राखून ठेवायच्या होत्या. मालाचा मालकच दुकान उघडून बसला, तेव्हा मधल्या विक्रेत्याची गरज उरली नाही.

भारतात इंग्रजी मनोरंजन वाहिन्यांना उतरती कळा का लागली?

ओटीटी हे कारण येथेही आहेच. पण त्याच्या आधी दरपत्रकाचा फटका बसला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची २०१९ मध्ये लागू झालेली व्यवस्था येण्यापूर्वी इंग्रजी वाहिन्या मोठ्या पुडक्यात बांधून येत. घरात कोणी त्या पाहो वा न पाहो, पैसे भरले जात. नव्या व्यवस्थेत १०० वाहिन्यांच्या जोडणीसाठी कर वगळून १३० रुपये आणि त्यापुढे प्रत्येक सशुल्क वाहिनीची छापील किंमत, अशी रचना आली. ग्राहकाने प्रथमच यादी हातात घेऊन खूण करायची होती. अशा वेळी घरातल्या एकाच व्यक्तीसाठीची वाहिनी सर्वांत आधी गळते.

शिवाय इंग्रजी मालिकांचा प्रेक्षक हाच वेगवान इंटरनेट, चांगला फोन आणि परदेशी सेवेची वर्गणी सर्वांत आधी घेणारा होता. नव्वदच्या दशकात गच्चीवर पहिली तबकडी बसवणारा हाच वर्ग होता आणि तारेची जोडणी पहिल्यांदा तोडणाराही हाच. माझ्या मते या वाहिन्यांचे दुखणे प्रेक्षक कमी असण्याचे कधीच नव्हते. तो दुसरीकडे जाण्यास सर्वांत समर्थ होता, हे खरे दुखणे होते. ३० जून २०२० रोजी भारतात एएक्सएन बंद झाली आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला चित्रपटांची एचबीओ वाहिनीही बंद झाली. स्टार प्लसचे पहिले इंग्रजी प्रक्षेपण सुरू झाले, त्याला त्या दिवशी २९ वर्षे पूर्ण होत होती.

एएक्सएन सगळीकडेच बंद झाली का?

नाही. भारतीय उपखंडातून ती गेली. परंतु आग्नेय व पूर्व आशियातील एएक्सएन सोनीने २०२० च्या सुरुवातीला केसी ग्लोबल मीडिया या कंपनीला विकली आणि नव्या मालकाने तेथील प्रक्षेपण पुढे सुरू ठेवले.